कॅमेऱ्यावरचा हार

फाईल काही केल्या उघडंना. शाळेच्या कॉम्प्युटरवर नाही, माझ्या मोबाइलवर नाही. मी भोकरदनला गणित शिकवते, उगाच डोकं तापवून घेणारी बाई नाही मी. पण त्या पेन ड्राईव्हनं तापवलंच.

माझा धाकटा भाऊ मिथुन जालन्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. दसऱ्याच्या सकाळी कामावर गेला तो घरी आलाच नाही. जिनिंगचा मॅनेजर ओमप्रकाश म्हणतो, "दुपारीच गेटातून निघून गेल्ता." पोलीस ठाण्यातला जमादार राधाकिसन म्हणतो, "जवान पोरगं हाय, येईल. फुटेज आणा, मंग बघू." कितीदा हातापाया पडले तेव्हा कुठं ओमप्रकाशनं आवारातल्या कॅमेऱ्याचं फुटेज पेन ड्राईव्हवर दिलं, तेही हे असं. मुद्दामच दिलं असणार मेल्यानं.

जुन्या जालन्यात राधेश्यामचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यानं फाईल बघून डोकं खाजवलं.

"ताई, हे कॅमेरावाल्या कंपनीचं फॉर्मॅट हाय. त्यांच्याच प्लेयरवर चालतं, दुसऱ्या कशावर न्हाई."

कुठून कुठून शोधून त्यानं तो प्लेयर उतरवून घेतला. एकदाची फाईल चालू झाली.

स्क्रीनभर झेंडूची फुलं. नुसती फुलं, वाऱ्यानं हलणारी.

"दसऱ्याला मशिनींची पूजा केली, आन् कॅमेऱ्याला बी हार घातला ह्यांनी," राधेश्याम म्हणाला. "बराबर भिंगावर आलाय बघा."

फाईल अंधार पडेपर्यंत पुढं पळवली. फुलंच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या मशिनीच्या पट्ट्याला झाकण बसवा म्हणून मिथुन कंठशोष करत होता, तिला हळदकुंकू वाहायला ह्यांना वेळ होता! राधेश्यामला लॅपटॉपसकट उठवलं आणि तडक ठाणं गाठलं.

ओमप्रकाश तिथंच, जमादाराशेजारी चहा पीत बसलेला. ह्यांच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यालाही दसऱ्याचा हार होता, पार वाळलेला. कुणाला काढायचं सुचलं नव्हतं.

फुटेज लावलं. ओमप्रकाश हसला.

"बघा की ताई, आम्ही काय लपवून राह्यलो का? पूजेचा हार, त्याच दिवशी कसा काढावा? सर्जेराव वॉचमननं दुसऱ्या दिवशी काढला. तो बी शिडी लावून. दोन पुरुष उंच खांब हाय तो."

जमादारही हसला. तिथं माझा तोल सुटला. टेबलावर हात आपटून मी त्या स्क्रीनवरच ओरडले, "मिथुन्या, हटव ना रे तो हार! हे हसून राह्यलेत आन् तू गप!"

"मॅडम, आवाज खाली," जमादार म्हणाला.

स्क्रीनवरची फुलं हलायची थांबली.

खालून एक हात वर आला. त्यानं हार धरला आणि अलगद बाजूला केला. मनगटावर भाजल्याचा लांब डाग. लहानपणी मिथुननं चुलीत हात घातला होता. तो डाग मी कुठंही ओळखीन.

"शिडी... शिडी लावली आसंल कुणी," ओमप्रकाश म्हणाला.

हारामागं जिनिंगचं आवार दिसलं. लख्ख ऊन. कापसाचा ढीग. तिघं जण एक ताडपत्री उचलून मागच्या पडक्या विहिरीकडं चालले होते. पुढं ओमप्रकाश, हातानं वाट दाखवत.

ताडपत्रीतून एक हात लोंबत होता.

त्याच्याही मनगटावर तोच डाग.

हार धरलेला हात जागचा हलला नाही.

"बंद करा ते! बंद करा!" ओमप्रकाश उठलाच.

राधेश्यामनं लॅपटॉप मिटला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बस खाली," जमादार ओमप्रकाशला म्हणाला. आता त्याचा आवाज खाली होता. "कोणती विहीर?"

ओमप्रकाश बसला.

ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र भिंतीवरच्या टीव्हीत दिसायचं. माझी नजर तिकडं गेली. अर्धी खोली, अर्धी वाळकी फुलं. पंखा बंद होता, खिडकी लावलेली होती.

टीव्हीतली फुलं हळूहळू बाजूला झाली. खुर्चीतला ओमप्रकाश आता त्यात पुरता दिसत होता.