मोतीरामनानांना आलेला निरोप

एकवीस गिऱ्हाइकं फ्लॅट पाहायला यायची होती. साडेदहा वाजले तरी एकही फिरकलं नाही, तेव्हा बिल्डर ढुंढिराज कुलथेंनी पोलिसांना फोन केला. अकराला उपनिरीक्षक प्रतिभा आहेर त्यांच्या पाथर्डी फाट्यावरच्या ऑफिसात हजर होती.

दसऱ्यापासून ऑफिसने 'सोबती' नेमला होता. सोबती म्हणजे संगणकातला प्रोग्राम. गिऱ्हाइकांशी आपणहून बोलायचा, फ्लॅट सुचवायचा, भेटीची वेळ ठरवायचा. काल संध्याकाळी त्याच्या नावाने सगळ्यांना निरोप गेला होता: जागेवर कोर्टात दावा आहे, येऊ नका. दावा-बिवा काही नव्हता.

"सोबती सांभाळणाऱ्या यशश्रीचा पासवर्ड वापरलाय," कुलथे म्हणाले. "संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर तिला घरी बसवणार."

यशश्रीचे डोळे सुजले होते. "पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनलाच चिकटवलीय, मॅडम. कुणीही वाचावी."

प्रतिभाने निरोप वाचले. 'धवल सर', 'मृण्मयी मॅडम', 'मोतीरामनाना'... मजकूर तोच, नावं तेवढी वेगळी.

"सोबतीला गिऱ्हाइकाची काय माहिती असते?"

"नाव, फोन, बजेट. बस्स. हाक सगळ्यांना एकच, सर नाहीतर मॅडम," यशश्री म्हणाली.

विक्रीला दोघंच होते. मयुरेश सहा महिन्यांपूर्वी लागलेला. "कमिशन माझंही घटलं," तो म्हणाला. "पण यंत्राशी भांडून मिळणार काय?"

मालिनीची नोकरी बावीस वर्षांची. "माझं टेबल खिडकीशी होतं. आता तिथे तो बसतो." तो म्हणजे संगणक. "दसऱ्याला त्याला झेंडूचा हार! माझ्या गिऱ्हाइकांच्या वहीला पाकळीसुद्धा नाही."

"राग आला?"

"यंत्रावर कोण रागावतं, मॅडम?"

तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारे गृहस्थ आत आले. "एकलहऱ्याहून आलोय. दावा कसला, ते तोंडावर सांगा!"

"बसा ना, सर," मयुरेश म्हणाला.

"आपलं नाव, सर?" यशश्रीने विचारलं.

"मोतीराम गांगुर्डे."

मालिनी केव्हाच उठली होती. "नाना, आधी दम खा. चहा बिनसाखरेचाच ना?"

प्रतिभाने निरोपांची यादी मिटली.

"सोबती सगळ्यांना सर-मॅडम म्हणतो. त्याला वय कळत नाही, नातं कळत नाही. मग काल मोतीराम गांगुर्डे 'नाना' कसे झाले? मयुरेश त्यांना 'सर' म्हणाला, यशश्रीला तर नावही विचारावं लागलं. त्यांच्या चहात साखर नसते, हे इथे एकालाच ठाऊक आहे. मालिनीताई?"

मालिनीने हातातला चहाचा कप नानांपुढे ठेवला.

"वीस जणांना सर-मॅडम लिहिलं," ती हळूच म्हणाली. "नानांना लिहायला हात धजेना. त्यांच्या थोरल्याच्या वास्तुशांतीला जेवलेय मी."

"आणि हिची नोकरी गेली असती तर?"

मालिनीने पहिल्यांदाच यशश्रीकडे रोखून पाहिलं.

"हार हिनेच घातला होता. स्वतःच्या हाताने."

यशश्रीने स्क्रीनवरची चिठ्ठी ओढून काढली. नानांनी चहाचा कप न उचलताच बाजूला सारला.