फिकट पडलेला मॉनिटर

हडपसरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बाकावर दोघं शेजारी बसले होते. दोघांच्याही मांडीवर सारख्याच मॉनिटरचा खोका, आणि काउंटरवरून दोघांना मिळालेलं उत्तरही तेच – "मॉनिटरमध्ये काही नाही. तुमचं सेटिंग बघा."

"दुसऱ्यांदा ऐकतेय हे," तेजस्विनी पुटपुटली.

"मी तिसऱ्यांदा," शेजारचा म्हणाला. रात्रभर जागल्यासारखे त्याचे डोळे लाल होते. "एचडीआर चालू केलं की सगळं फिकट?"

"पाणी घातलेल्या ताकासारखं!"

तो हसला... दमलेलं, पण मनापासून.

शुभंकर वर्ध्याचा. आयटी पार्कात परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळी करायचा. तेजस्विनी हडपसरजवळच्याच मांजरी गावची. घरातल्याच एका खोलीत बसून ती चित्रपटांचे रंग नीट करून द्यायची. सध्या हातात वीटभट्टीवरच्या बायकांचा माहितीपट होता. एका चित्रपट महोत्सवाला त्याची एचडीआर प्रत हवी होती – ज्वाळा ज्वाळेसारखी झळाळेल आणि अंधार अंधारासारखा गडद राहील अशी. त्यासाठीच तिनं हा मॉनिटर आणला, आणि त्यावर भट्टीतली आग राखेसारखी दिसायला लागली. निर्माता रोज फोन करत होता. हे जमलं नाही तर सगळं सोडून रणजितदादाच्या बांधकामाच्या ऑफिसात जाऊन बसेन, असं ती घरी बोलूनही बसली होती. रणजितदादा म्हणजे तिचा चुलतभाऊ. त्यानं तिच्यासाठी टेबलसुद्धा आणून ठेवलं होतं.

"एक करू या," शुभंकर म्हणाला. "माझा मॉनिटर तुमच्या कॉम्प्युटरला लावून बघू. दोष कुणाचा ते तरी कळेल."

रविवारी तो खोका घेऊन मांजरीला आला. त्याचा मॉनिटरही तिच्याकडे तितकाच फिकट! म्हणजे दोष तिच्या कॉम्प्युटरचा. मग तिनं आपली नवी केबल त्याला देऊ केली. ती घरी लावल्यावर त्याचा मॉनिटर मात्र लख्ख दिसायला लागला. तिकडे जुन्या केबलचाच घोळ होता.

त्याचं काम झालं होतं. तरी तो येत राहिला. रात्रपाळी सुटली की बाईकवर खोका बांधून थेट मांजरी. ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, मॉनिटरचा मेनू पालथा घातला, जोडीला लावलेला दुसरा पडदा काढून पाहिला... काही उपयोग नाही. चहाचे कप बदलत राहिले.

"मशीन नीट हुईना व्हय अजून?" तिची आई दारातून विचारायची. "आन् त्या पोरानं काय खाल्लंय का?"

"तुम्ही रोज का येता?" एकदा तेजस्विनीनं विचारलंच.

"पोहे चांगले असतात."

"ते आई करते."

"मग... तुम्ही चिडता छान."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. कान मात्र गरम झाले होते.

शनिवारी सकाळी सेटिंग चाळताना त्याची बोटं थांबली. "हे कलर प्रोफाइल कुठल्या मॉनिटरचं?"

"जुन्या. रंग अचूक दिसावेत म्हणून मीच बनवलं होतं."

"आणि अजून तेच लागू आहे. जुन्याचं माप नव्याला चढवलंय तुम्ही."

तिनं ते काढून टाकलं. पडदा क्षणभर काळा झाला... आणि भट्टी पेटली. केशरी धग, काळाशार धूर, वाकलेल्या बाईच्या नाकात चमकलेली चमकी. तेजस्विनी नुसती खुर्चीत मागे टेकली. इतक्या आठवड्यांचा थकवा एकदम खांद्यावरून खाली सांडला.

"चला, सुटलात," तो हळूच म्हणाला.

"तुम्हीही."

"मी तर महिनाअखेर सुटतोयच. राजीनामा दिलाय. वर्ध्याला चाललोय."

तिनं खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"कधी ठरलं?"

"आधीच. मॉनिटर दुरुस्त करून विकायचा होता, म्हणून तर सर्व्हिस सेंटरला आलो होतो."

"मग विकला का नाही? तुमचा तर कधीच नीट झाला."

तो कीबोर्डकडे बघत राहिला. "विकला असता, तर तुमच्याकडे काय घेऊन आलो असतो?"

"वर्ध्याला जाऊन करणार काय?"

"झोपणार."

"मग रात्रपाळी सोडा ना... पुणं कशाला सोडता?"

तो केबल गुंडाळू लागला. तिनं डोळे मिटले. "मी कुणाला थांब म्हणत नाही, शुभंकर. कुणाची मनधरणी करायची ताकदच नाही उरलेली. पण – तू थांब."

'तू' ऐकून त्यानं मान वर केली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वर्ध्याहून आईचा.

"हो आई, ऐकतोय... नाही, खोली नको रंगवू इतक्यात. मी नाही येत आता. इथं एक काम निघालं..."

"काम?" तेजस्विनीनं भुवई उंचावली.

त्यानं फोनवर हात ठेवला. "मग काय सांगू?"

"खरं काय ते."

तो लाजला. मग फोन कानाला लावून, घरच्या बोलीत, एका दमात म्हणाला, "आई, एक पोरगी आहे वं इथं..."