बारा वीत रुंद, सोळा वीत उंच

ती घराबाहेर पडली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी चप्पल पॅसेजमध्ये होती, एका अनोळखी माणसाच्या हातात. तो गुडघ्यांवर बसून ती चप्पल जमिनीवर टेकवत, उचलत, पुन्हा टेकवत पुढे सरकत होता आणि त्याच्या मागून तिची पाच वर्षांची भाची इमारत दणाणेल अशा आवाजात मोजत होती.

"माझी चप्पल," ती म्हणाली.

"एक मिनिट, आकडा चुकेल," तो वर न बघताच म्हणाला. मग त्याने वर बघितलं... आणि आकडा चुकला.

भाचीला घरात भोंगा म्हणत. तिच्या कानावर पडलेली गोष्ट एकाच घरात राहत नसे. शाळेत गणिताचं नाव काढलं की भोंग्याच्या पोटात दुखायचं, म्हणून वहिनीने जाहीर करून टाकलं होतं की या घरात गणित हा अभ्यास नसून खोड्यांचा प्रकार आहे. तेव्हापासून कुठलीही गोष्ट करण्याआधी सगळ्यांनी अंदाज सांगायचा. सफरचंद कापण्याआधी बिया किती, बादलीत किती तांबे पाणी मावेल, सोफा किती भोंगे लांब आहे. दादा तर दाढी करता करता साबण लावलेल्या तोंडाने आकडे ओरडायचा. पट्टी वापरायची नाही, हाताला लागेल ती वस्तू घ्यायची, म्हणून आज चप्पल.

ती, म्हणजे भोंग्याची आत्या, पडदे शिवायची. नुसत्या नजरेने लांबी सांगायची आणि बोटाचाही फरक पडायचा नाही. घरातली चॅम्पियन तीच होती आणि भोंगा तिची एकनिष्ठ भक्त होती.

होती, म्हणजे त्या दिवसापर्यंत.

तो माणूस वजनकाटे दुरुस्त करायचा. समोरच्या जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आला होता. या इमारतीच्या तळमजल्यावरच्या डॉक्टरबाईंकडे दात दाखवायला आला, मशीनचा आवाज ऐकला आणि घाबरून जिना चढून वर पळाला. वर त्याला भोंग्याने पकडून कामाला लावलं होतं. हे त्याने इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की आत्याला हसू दाबावं लागलं, आणि कुणी आपल्याला हसवलं की तिला त्या माणसाचा राग यायचा.

पुढच्या रविवारी तो दोन पारड्यांचा जुना तराजू घेऊन आला. दादाचा बूट किती बटाट्यांचा, ओला मोजा कोरड्यापेक्षा किती जड, यावर अख्खं घर दुपारभर वाद घालत राहिलं. वहिनीने त्याला पुढच्या रविवारचंही बोलावलं. दादाने त्याला चहा स्वतः करून दिला, जो त्याने आपल्या सासऱ्यालाही कधी दिला नव्हता. आणि भोंगा? ती आता काहीही विचारलं की म्हणायची, थांबा, तराजूकाकांना विचारू.

आत्याचा नुसता जळफळाट झाला. पाच वर्षं जिला खांद्यावर घेऊन फिरवलं ती एका तराजूवर पाघळली. पण गंमत अशी की दोन-तीन रविवारांनंतर या जळफळाटाने दिशाच बदलली. तो भोंग्याकडे बघून हसला की तिला भोंग्याचाच हेवा वाटायला लागला. पाच वर्षांच्या पोरीशी चुरस करण्याचं तिचं वय नव्हतं, पण दुसरं कुणी समोर नव्हतं.

"तुमचा अंदाज इतका अचूक कसा असतो?" त्याने एकदा विचारलं. ती कापड बेतत होती आणि तो उगाच कापडाचं टोक धरून उभा होता.

"धंदाच आहे."

"मग माझ्याबद्दल काय अंदाज आहे?"

तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. जरा सावकाशच बघितलं. "कापड बरं आहे... पण धुतल्यावर आटेल."

"मग आंघोळ बंद करतो," तो म्हणाला आणि टोक आणखी घट्ट धरलं.

दुसरं कुणी समोर नव्हतं, ती सोयही फार टिकली नाही. त्याचा दात काही बरा होईना. तो सारखा डॉक्टरबाईंकडे जाऊ लागला, आणि मग डॉक्टरबाईही त्याच्याकडे जाऊ लागल्या. बाई उंच होत्या, हुशार होत्या, आणि खळखळून हसायच्या. दात इतके सुरेख की धंद्याची जाहिरात म्हणून हसतात की मनापासून, हे कळायला मार्ग नव्हता. आत्या मात्र जाहिरात असंच धरून चालली होती.

मग एके दिवशी तो आला आणि खोलीला पडदे हवेत म्हणाला. शनिवारी संध्याकाळी डॉक्टरबाई जेवायला येणार होत्या, येऊ का, असं त्यांनी स्वतःच विचारलं होतं, आणि खिडकी अगदी उघडीबोडकी दिसत होती.

आत्याच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तो वाचला. टाचण्या काढल्यावर ती फक्त म्हणाली की शिवून देईन, पण माप घ्यायला यायला मला वेळ नाही. वेळ भरपूर होता. त्या खोलीत, त्या जेवणासाठी, स्वतःच्या हाताने माप घेणं तिच्याच्याने होणार नव्हतं.

तिने भोंग्याला टेप देऊन पाठवलं. दारात थांबवून आणखी एक काम सांगितलं. डॉक्टरबाई तिथे असतील तर त्या किती वेळा हसतात तेही मोजून ये.

"का?" भोंग्याने विचारलं.

"गणित," आत्या म्हणाली.

भोंगा परत आली ती टेप कमरेला बांधून, कारण मध्येच ती पोलीस झाली होती. रुंदी बारा वीत, उंची सोळा वीत, तिने सांगितलं. एरवी आत्याने टेप सोडवून तिला पुन्हा पिटाळलं असतं. पण त्या दिवशी तिने खिडकीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. डॉक्टरबाई चौदा वेळा हसल्या होत्या. आणि काका? काका दोनदा.

दोनदा तरी कशाला, असं म्हणत तिने आपल्या वितीने कापड मोजलं आणि कात्री लावली. दुकानातलं सगळ्यात जाड, राखाडी कापड घेतलं. त्यातून चांदणं काय, वाईट बातमीसुद्धा आत गेली नसती. पडदा शिवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आता समोरच्या आपल्या खिडकीतून आपल्यालाही त्याची खोली दिसणार नाही.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता ती आणि भोंगा पडदा घेऊन गेल्या. तो स्टुलावर चढला, दांडी बसवली, पडदा सोडला... आणि पडदा उतरतच राहिला. त्याने खिडकी झाकली, भिंत झाकली, जमिनीवर आला, टेबलाखाली शिरला आणि पलीकडून बाहेर निघाला. मग दांडीने दम सोडला आणि सगळं खाली आलं.

भोंग्याने शांतपणे आत्याचा पंजा धरला, त्यावर आपला पंजा ठेवला आणि दोघांना दाखवला. तिचा हात आत्याच्या तळव्यातच संपत होता.

"तुम्ही... भोंग्याच्या वितीवर शिवलंत?" त्याने विचारलं. "तुम्ही? काय झालं होतं तुम्हाला?"

"आत्याला डॉक्टरबाईंचं हसू हवं होतं," भोंगा म्हणाली. "मी मोजून दिलं."

अशा वेळी माणसाला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं. सहसा जागा मिळत नाही. इथे भरपूर कापड पडलं होतं. आत्या सरळ पडद्याखाली शिरली.

बाहेरून भोंग्याचा आवाज आला. "आत्या, तू विचारलं नाहीस ना, पण काकांनी तुझ्याबद्दल किती प्रश्न विचारले तेपण मी मोजत होते. माझी हाताची बोटं संपली. पायाची संपली. मग काकांनी त्यांची दिली."

पडद्याखाली फार उकडत होतं.

"बाहेर येता का?" तो अगदी जवळून म्हणाला.

"नाही."

"मग मी आत येऊ?"

"...पडदा तुमचाच आहे."

तो आत आला. राखाडी अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त श्वास ऐकू येत होता. म्हणूनच बहुतेक तिला बोलता आलं.

"मला राग येतो," ती म्हणाली. "त्या हसल्या की येतो. तुम्ही भोंग्याशी बोलता तेव्हा येतो. तुमच्या त्या तराजूचासुद्धा येतो."

"तराजूचा?"

"फार हळुवार पुसता तुम्ही त्याला."

तो म्हणाला, "माझा दात पहिल्याच आठवड्यात बरा झाला होता. पण रविवार सोडून तुमच्या इमारतीत यायला काही निमित्त नको का... म्हणून दुखतोय म्हणत राहिलो. त्यांनी दोन चांगल्या दातांना भोकं पाडली."

"आणि तुम्ही पाडू दिलीत?"

"पाडू दिली," तो म्हणाला, "तुम्ही जिन्यात दिसलात की दुखायचं थांबायचं." आणि त्याचा हात तिच्या हाताला लागला, चुकून लागल्यासारखा. मग तो चुकून तिथेच राहिला.

दारावर टकटक झाली. भोंग्याने दार उघडलं आणि पाहुण्यांना सांगितलं की ते दोघं आत आहेत. आत म्हणजे कुठे, हे डॉक्टरबाईंनी जमिनीवरच्या ढिगाकडे बघून ओळखलं. ढिगातून आधी एक डोकं वर आलं, मग दुसरं. बाईंनी दोन्ही चेहरे तपासले, जबडा उघडायला न सांगता.

"हे दुखणं कधीपासूनचं?" त्यांनी विचारलं.

बाई क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. बाई वाईट नव्हत्या, हे आत्याला मनातून आवडलं नाही. त्या नीट जेवल्या, भोंग्याचे दुधाचे दात बघितले, त्याला यापुढे दात दाखवायला येऊ नका असं बजावलं आणि पर्स उचलून निघाल्या. तो सवयीने त्यांना खालपर्यंत सोडायला उठला.

"जिना त्यांना दिसतो," आत्या म्हणाली. "तू बस."

तू. तिचं तिलाच ऐकू आलं आणि तिचे कान तापले. तो बसला, तिच्या शेजारी. भोंग्याने दोघांमधलं अंतर मोजायला हात पुढे केला, पण तिचं करंगळीचं टोकही मध्ये जाईना.