डावीकडचा आवाज

दौंडचे साहेबराव त्या दिवशी शिरूरला गेले ते एक गाडी आणायला. काम एवढंच होतं. दुपारच्या एसटीनं जायचं, इमारतीच्या तळघरात उभी असलेली गाडी बाहेर काढायची आणि जेवणाच्या वेळेला घरी परत यायचं.

गाडी त्यांच्या मुलाची होती. सम्राट रांजणगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, शिरूरला एका नव्या इमारतीत एकटाच राहायचा. डिसेंबरातल्या एका सकाळी तो झोपेतून उठलाच नाही. एकतीस वर्षांचं वय. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. फ्लॅट रिकामा झाला, भांडी-कपडे दौंडला आले, पण गाडीकडे दोन महिने कुणी फिरकलं नाही. मग इमारतीच्या वॉचमनचा फोन आला की तळघराला रंग द्यायचाय, गाडी हलवा.

"ड्रायव्हर पाठवते मी," मुलगी प्राची फोनवर म्हणाली होती. "ती गाडी साधी नाही पप्पा. तुमचे गुडघे..."

"तेहतीस वर्सं रेल्वेचं इंजिन चालवलं म्या," साहेबराव म्हणाले. "मीच आणतो."

ते असं का म्हणाले, ते फक्त त्यांच्या बायकोला, सोजरबाईंना कळलं. त्यांनी डबा भरून दिला.

झालं होतं ते असं. गेल्या बुद्धपौर्णिमेला सम्राट ती गाडी घेऊन पहिल्यांदा घरी आला. जुनीच घेतलेली, पण चकचकीत. निळी, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. साहेबरावांचं घर भीमेच्या पुराच्या धास्तीनं उंच जोत्यावर बांधलेलं; रस्त्यावरून दारापर्यंत सिमेंटचा खडा चढ. सम्राटनं गाडी चढावर घातली आणि पुढचा ओठ सिमेंटला घासून असा कर्रर्र आवाज झाला की गल्ली गोळा झाली. तो मागं आला, पुन्हा घातली, पुन्हा कर्रर्र. लोक हसायला लागले. आणि साहेबराव, सगळ्यांदेखत, म्हणाले, "जी गाडी बापाच्या दारात चढत न्हाई, ती घिऊन परत येऊ नगंस."

सम्राट हसला. गाडी खाली रस्त्याला लावून आत आला, आईच्या हातचं पाणी प्यायला. "पप्पा, एक चक्कर तरी मारू. पाटसपर्यंत," असं दोनदा म्हणाला. साहेबरावांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. तो गेला. त्यानंतर आईला रोज फोन करायचा, पण घरी आला नाही. आला तो डिसेंबरात, अॅम्ब्युलन्समधून.

इमारतीचा वॉचमन माऊली, कवठे येमाईचा, त्यांना घेऊन तळघरात उतरला. दोन मजले खाली. ओल्या चुन्याचा आणि जुन्या रबराचा वास कोंडून राहिलेला. एक ट्यूब फडफडत होती. कोपऱ्यात, कापडाखाली, काहीतरी झोपल्यासारखं पडलं होतं.

"बॅटरी कालच चार्ज करून घेतली, आबा," माऊली म्हणाला. मग चढाकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "सरळ नका घालू. सम्राट साहेब तिरकी घ्यायचे. आधी एक चाक चढवायचं, मग दुसरं. रोज सकाळी बघायचो मी. येक दिवसबी घासली न्हाई त्यांची. कुठल्या तरी चढावर लई घासली होती म्हणं, तवापासून शिकले."

साहेबरावांनी कापड ओढून काढलं.

आत शिरायलाच त्यांना वेळ लागला. आधी बूड टेकवायचं, मग पाय एकेक करून आत ओढायचे. पाटावर बसून पाय पसरल्यासारखी बैठक. काचेतून दिसत होती ती बाजूच्या गाड्यांची चाकं. साहेबराव आयुष्यभर उंचावर बसले होते, इंजिनाच्या डाव्या हाताला, ड्रायव्हरच्या जागी; उजवीकडे असिस्टंट. इथं स्टिअरिंग उजवीकडे. डावीकडची जागा रिकामी.

किल्ली फिरवली. भिंती गुरगुरल्या. त्यांनी गाडी वळवली, चढाच्या तोंडाशी आणली आणि माऊलीनं सांगितलं तशी तिरकी घातली. पुढं काही दिसेना. नुसतं आभाळाकडे तोंड, काचेत सिमेंटचं छत. एक चाक चढलं. गाडी कलली. दुसरं चढलं. वळणावर त्यांचा पाय लटपटला, गाडी क्षणभर मागं घसरली, मग इंजिनानं जोर धरला आणि ती उन्हात आली. कुठंही घासली नाही. साहेबरावांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

साडेपाच वाजले होते. शिरूरच्या रस्त्यावर त्यांच्या कानाच्या उंचीला रिक्षांची चाकं फिरत होती. प्रत्येक गतिरोधकाला थांबायचं, तिरकं व्हायचं, एकेक चाक उतरवायचं, मागून हॉर्न. चौकातला सिग्नल लांबून दिसला आणि साहेबराव सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "हिरवा."

इंजिनातली रीत होती ती. सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. म्हणजे दोघं जागे आहेत, दोघांनी पाहिलंय. सम्राट लहान असताना सायकलच्या दांडीवर बसून हाच खेळ खेळायचा. दौंडच्या यार्डाकडे बघत बाप म्हणायचा "पिवळा", पोरगं ओरडायचं "पिवळा!"

"हिरवा," डावीकडून आवाज आला.

साहेबरावांनी मान वळवली नाही. गाडी चौकातून पार झाली, पुढं न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. हात स्टिअरिंगवर गच्च. रेडिओ बंद होता. काचा वर होत्या. आवाज मोठ्या माणसाचा होता, किंचित घोगरा, सकाळी उठल्या उठल्या सम्राटचा असायचा तसा.

साहेबरावांच्या घरात बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता, पुस्तकं होती. भुताखेतांना जागा नव्हती. रात्री-अपरात्री इंजिन घेऊन त्यांनी स्मशानांच्या कडेनं हजार फेऱ्या केल्या, कधी मागं वळून पाहिलं नाही. 'कान वाजले,' ते मनाशी म्हणाले.

दोन-तीन किलोमीटर गेल्यावर मात्र त्यांनी हळूच हाक मारली, "सम्राट?"

काही नाही. टायरांची घरघर.

"सम्राट... जेवलास का रं?"

काही नाही. बाजूला उसाची शेतं मागं पळत होती. कुठंतरी पाचट पेटवलं होतं, त्याचा गोडसर धूर गाडीत शिरला होता.

"माझं चुकलं," साहेबराव म्हणाले. इतके दिवस हे शब्द घशात होते. "लोकांम्होरं बोललो. बोलायला नको व्हतं..."

डोळ्याच्या कोपऱ्यात डावीकडची सीट, काळी, गप्प.

न्हावऱ्याच्या फाट्यावर पिवळा दिवा उघडझाप करत होता. साहेबरावांनी ओठ ओले केले. "पिवळा."

"पिवळा."

या खेपेला शंका उरली नाही. आवाज हाताच्या अंतरावरून आला होता. मग साहेबरावांना कळलं की तो आवाज दुसऱ्या कशालाच उत्तर देत नाही. माफीला नाही, जेवणाला नाही. त्याला फक्त सिग्नल कळतो. त्यांच्या अंगावर काटा आला. त्याच वेळी डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि या दोन्हीतलं आधी काय झालं ते त्यांना पुढं कधी सांगता आलं नाही.

न्हावऱ्यापुढं सिग्नल नव्हते. नुसता रस्ता, ऊस आणि मावळता उजेड. पाच किलोमीटर गेले. सात गेले. मुलाचा आवाज दोनदा ऐकलेल्या माणसाला ती शांतता सोसेना. ते रस्त्याकडेला काहीतरी शोधू लागले. एका हॉटेलाच्या पाटीवरचा लाल बल्ब दिसला. "लाल." गाडी थांबवली, नियमाप्रमाणं. "लाल," डावीकडून आलं. एका पेट्रोल पंपाच्या छपराची हिरवी पट्टी दिसली. "हिरवा." "हिरवा." साहेबराव रडता रडता हसत होते. साठी उलटलेला माणूस आणि शेजारी कोण ते ठाऊक नाही, आणि दोघं मिळून संध्याकाळच्या रस्त्यावर रंग म्हणत चाललेले.

पारगावच्या अलीकडे उजेड पार विझत आला. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. या बुटक्या गाडीतून तर तो विहिरीच्या भिंतींसारखा दिसत होता. आता दिवा नव्हता, पाटी नव्हती, काही नव्हतं. साहेबरावांनी गाडी पळवली. दिवा कुठंतरी लागेलच, लवकर लागू दे. वेगाचा काटा चढत गेला. दिवा लागेना. दौंड जवळ येत चाललं. घर आलं की हे संपेल, हे त्यांना कुणी न सांगता कळलं होतं.

आणि मग त्यांनी जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. तेहतीस वर्षांत, झोप आली, ताप आला, धुकं आलं, तरी न दिसलेला सिग्नल त्यांनी कधी सांगितला नव्हता. समोर मोकळा अंधार होता. साहेबराव म्हणाले, "हिरवा."

"लाल."

आवाज जवळजवळ ओरडला होता. साहेबरावांच्या डोक्यात विचार पोचायच्या आधी पाय पोचला. ब्रेक लागला. गाडी रस्त्यावर हेलकावत, किंचाळत, जळक्या रबराचा वास सोडत थांबली.

समोर पाच-सहा हातांवर उसाच्या फडातून एक ट्रॅक्टर रस्त्यावर येत होता. मागं दोन ट्रॉल्या, उसानं ठासून भरलेल्या. एक दिवा नाही, लाल कापड नाही. दुसऱ्या ट्रॉलीची लोखंडी कड बरोबर साहेबरावांच्या गळ्याच्या उंचीवरून, काचेसमोरून, सावकाश सरकत गेली. त्याखाली ही गाडी पुरी मावली असती. वरचं छत तेवढं राहिलं नसतं.

ट्रॅक्टरवाल्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही. गाडी त्याला दिसलीच नसावी.

साहेबरावांनी हँडब्रेक ओढला. मग त्यांनी पहिल्यांदा मान डावीकडे वळवली. सीट रिकामी होती.

"तुला दिसला व्हय रं..." ते कुजबुजले. "मला न्हाई दिसला. मी खोटं बोललो."

उत्तर आलं नाही. पुढं केडगावच्या पुलावरून जाताना खाली रुळांवरचा सिग्नल दिसला, लख्ख हिरवा. त्यांनी स्पष्ट सांगितला. थांबले. पुन्हा सांगितला. चौफुल्याला सांगितला, पाटसला सांगितला. डावीकडून पुन्हा काही आलं नाही. खोटा सिग्नल देणाऱ्याबरोबर कुणी ड्युटी करत नाही, हे साहेबरावांइतकं कुणाला ठाऊक असणार!

आठच्या सुमाराला निळी गाडी दौंडच्या गल्लीत शिरली. सोजरबाई ओट्यावर उभ्या होत्या. शेजारच्या जाईबाई दारात आल्या, आणखी दोघं-चौघं आले. या खेपेला कुणी हसलं नाही. साहेबरावांनी गाडी चढाच्या तोंडाशी आणली, तिरकी केली. एक चाक. मग दुसरं. गाडी मांजरासारखी, आवाज न करता, बापाच्या दारात चढली.

त्यांनी इंजिन बंद केलं. बाहेर पडता येईना. गुडघे आखडले होते. सोजरबाईंनी डावीकडचं दार उघडलं आणि वाकून आत पाहिलं. किती तरी वेळ त्या रिकाम्या सीटकडे बघत राहिल्या.

"घासली न्हाई," साहेबराव म्हणाले.

"न्हाई घासली," त्या म्हणाल्या. "मी ऐकत व्हते."

वाटेत काय झालं ते त्यांनी त्या रात्री बायकोला सांगितलं, नंतर एकदा प्राचीला. बाकी कुणाला नाही. गाडी विकायचं ठरलं. गॅरेजवाला अझरुद्दीन दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेला. गिऱ्हाईक मिळेपर्यंत उभीच राहणार म्हणून त्यानं बॅटरी काढून नेली, कापड घातलं, चार दोऱ्या बांधल्या.

त्याला आज नववा दिवस. फेब्रुवारीची थंडी अजून गेलेली नाही; पहाटे ओट्यावरची फरशी पायाला चटका देते. पाच वाजता साहेबरावांना जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. ते बाहेर आले. सोजरबाईंनी कापडाची पुढची दोरी सोडली होती आणि त्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभ्या होत्या, उलट्या हातानं, पोराचं कपाळ बघतात तशा.

"आत चला, गारठा हाय," साहेबराव म्हणाले.

सोजरबाईंनी नुसता नवऱ्याचा हात धरला, ओढला आणि त्या पत्र्यावर ठेवला.

पत्रा गरम होता. नुकतीच लांबून चालवून आणल्यासारखा.

"रोज या टायमाला असतो," सोजरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी तुम्हाला सांगितलं न्हाई..."