खो कुणी दिला

महाविद्यालयाचं पन्नासावं वर्ष म्हणून स्मरणिका निघायची होती आणि तनुजाच्या वाट्याला तिच्यातली दोन पानं आली होती. आधी चार होती. मग कुठल्याशा अकॅडमीची रंगीत जाहिरात आली आणि खो-खोच्या मुलींनी नेहमीप्रमाणे सरकून जागा करून दिली. विषय प्राचार्यांनीच ठरवून दिला होता : 'आपल्या मुलींच्या संघाचे अविस्मरणीय क्षण.' वर म्हणाले, "जरा गमतीशीर लिहा मॅडम. नुसते निकाल कोण वाचतंय?"

क्रीडाविभाग तनुजाकडं होता. वय सत्तेचाळीस, गुडघे साठीचे. जालना रोडच्या मागच्या याच मैदानावर ती स्वतः चार वर्षं खेळली, आणि आता तिची मुलगी श्रेया खेळत होती. त्यामुळं गमती शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. एका वर्षी खुलताबादच्या सामन्यात शेळी शिरली आणि तीन मिनिटं कुणाच्या हाती लागली नाही. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा बरी पळाली. एका वर्षी पंच बुटाची नाडी बांधायला मधल्या पट्टीत उकिडवे बसले, तर करमाडच्या एका पोरीनं पळता पळता त्यांच्याच पाठीत थाप घातली, "खो!" आणि ते पन्नाशीचे गृहस्थ उठून चार पावलं पळाले की!

त्यांचा दोष नव्हता. तेही जुने खेळाडू. तनुजाचे गुरू काकासाहेब सांगायचे, "पाठीवर हात पडला, कानात खो आला, की आधी बूड उचलायचं. डोकं मागून येतंय." एकदा अंगात भिनलेलं जात नाही. औरंगपुऱ्यात भाजी घेताना मागून कुणाचा हात लागला तरी तनुजाच्या टाचा अजून उचलल्या जातात.

१९८१ सालचं कात्रण क्रीडाखोलीच्या कपाटात, फुटक्या ढालीच्या मागं सापडलं. 'द्वारकाची झेप.' अंतिम सामना, शेवटचं मिनिट, सहाव्या चौकोनात बसलेली द्वारका उठली आणि समोरून जाणारी खेळाडू तिनं झेप घेऊन बाद केली. 'खो केव्हा दिला गेला हे पंचांनाही कळले नाही, अशी चपळाई,' असं बातमीदारानं कौतुकानं लिहिलं होतं. फोटोत द्वारका हवेत होती. कानांवर रिबिनीनं दुमडून बांधलेल्या दोन वेण्या. लांब खांबाशी दुसरी एक मुलगी पळताना अर्धी कापली गेली होती.

तनुजानं सवयीनं मोजलं. खो-खोत नऊ जणी. आठ बसतात, एक पळते. जी खो देते ती उठणारीच्या जागी बसते. इथं उभ्या दोघी दिसत होत्या, म्हणजे बसलेल्या सात हव्यात.

बसलेल्या आठ होत्या.

तिनं पेन्सिलीचं टोक एकेका डोक्यावर टेकवत पुन्हा मोजलं. सहावा चौकोन रिकामा नव्हता. त्यात कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. छपाईची चूक, तिनं स्वतःला सांगितलं, आणि कात्रण पालथं ठेवलं. पालथं का ठेवलं, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

दुसरा क्षण तिचा स्वतःचा होता.

१९९८. ती तेव्हा वीस वर्षांची. अंतिम सामना, एक गुण कमी, आणि पळत होती तनुजा. ती खांबाला हात लावून वळत होती तेव्हा पंधरा पावलांवर, सहाव्या चौकोनातून, रूपा उठली. गंगापूरची रूपा, मेंढरं वळून पाय घडवलेली. उठली, झेपावली, गडी बाद. पंचांनी शिट्टी फुंकली आणि विचारलं, "खो कुणी दिला?"

काकासाहेब ओठ चावत उभे. ढाल टेबलावर.

"मी दिला, सर," तनुजा म्हणाली.

तिनं दिला नव्हता. पण ती वीस वर्षांची होती, आणि ढाल फार चकाकत होती.

पंधरा दिवसांनी रूपाची आई, बानाबाई, वसतिगृहावर आली. रूपा पायरीवरच बसली होती. बाईनं तिच्याकडं बघितलं, मग तिला ओलांडून सरळ तनुजाकडं आली.

"माझी पोर कुठंय गं?"

"ही काय मावशी, बसलीय की."

"ही नाय. ही हात धुती ना, तसा माझी पोर धुत नाय." मग खाली आवाजात, "खो तूच दिला म्हणत्यात. तर मंग तुला ठावं आसंल. कुणीकडं पळवलीस तिला?"

बाईचं डोकं फिरलं, असं सगळे म्हणाले. तनुजाही म्हणाली. वर्षभरात बानाबाई गेली.

आता सत्तावीस वर्षांनी तनुजानं घरचा अल्बम काढला. रूपा हवेत, ती स्वतः खांबाशी. बसलेल्या मोजल्या. आठ. सहाव्या चौकोनातली पाठमोरी होती, आणि तिच्या कानांवर दुमडलेल्या, रिबिनीच्या वेण्या होत्या. अठ्ठ्याण्णव साली संघात तशा वेण्या कुणीच घालत नव्हतं.

तनुजा व्यवहारी होती. भुताखेतांपेक्षा तिला पाण्याच्या टँकरची जास्त भीती वाटायची, तो न येण्याची. तिनं रूपाचा नंबर मिळवला. रूपा जालन्याला दिली होती, दोन मुलं, स्वतःचं शिवणकाम.

"तनुजा? हां... संघातली ना," पलीकडून आवाज आला. ओळख आठवावी लागली होती.

"स्मरणिकेत तुझा तो खो घेतेय. एवढंच विचारायचं होतं. खरं सांग, तुला खो कुणी दिला होता?"

शिलाई मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

"मला कोण देणार?" रूपा म्हणाली. "मीच दिला."

तनुजा काही बोलायच्या आत मशीन पुन्हा सुरू झालं. फोन मात्र बराच वेळ चालूच राहिला. तो शेवटी तनुजानंच ठेवला.

यंदाच्या अंतिम सामन्याच्या दिवशी ती सकाळी सातलाच मैदानावर गेली. शहराबाहेरच्या साताऱ्याच्या डोंगरावर धुकं होतं, आणि मैदान आखणारा कडुबा चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन मधल्या पट्टीत वाकला होता.

"मॅडम, ह्यो सहावा चौकोन लई छळायला लागलाय," तो म्हणाला. "आखला की पुसतोय. निस्ता मधीच. दोन चवडं टेकल्यावानी."

"कुत्रं बसत असेल."

"कुत्रं चवड्यावर बसतंय व्हय?" कडुबा हसला. तनुजाला हसू आलं नाही.

सहावा चौकोन श्रेयाचा होता.

दुपारी संघाची यादी वाचून झाली तेव्हा श्रेया तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पाठीवर नंबर, डोळ्यांत पाणी.

"माझं नाव राखीवमध्ये?"

"गुडघा दुखतोय तुझा."

"माझा? गुडघा तुझा दुखतो!" मग दात आवळून, "घरी आई, मैदानावर मॅडम. आणि अन्याय करायला दोन्हीकडं तूच."

"माझ्याजवळ खुर्चीवर बसायचं. उठायचं नाही. कुणी कितीही बोलावलं तरी."

"का पण?"

सहाव्या चौकोनात तनुजानं राखीवमधल्या सुकेशनीला बसवलं. सुकेशनीचे आईबाप या दिवसांत मेंढरं घेऊन गोदावरीकडं उतरलेले असतात. ते सामना बघायला येणार नव्हते. हा विचार तनुजानं यादी करताना केला होता, आणि केला होता हे तिला माहीत होतं.

सुकेशनी मात्र आनंदानं फुलून गेली. "मॅडम, पहिल्यापासून खेळायला भेटतंय! बघाच आता."

"बघते," तनुजा म्हणाली.

आणि तिनं खरंच दुसरं काही बघितलं नाही. प्रेक्षक ओरडत होते, हलगी वाजत होती, चिकलठाण्यावरून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं, नांदेडच्या पोरी वाऱ्यासारख्या पळत होत्या. तनुजाची नजर सहाव्या चौकोनातल्या त्या कोवळ्या पाठीवर खिळली होती. नंबर अकरा. घामानं चिकटलेला कपडा. त्या पाठीमागं कुणी येतंय का, एवढंच. डाव्या हातानं तिनं श्रेयाचं मनगट पकडून ठेवलं होतं. पोरीनं दोनदा सोडवायचा प्रयत्न केला, मग रुसून तसंच राहू दिलं.

शेवटची पाळी. चार मिनिटं. तीन.

सुकेशनीला खो मिळाला, तो नीट मिळाला, देणारी दिसली. ती पळाली, पुढं खो दिला, फिरून पुन्हा सहाव्यात आली. तनुजानं श्वास सोडला.

दोन मिनिटं. एक गुण कमी.

सुकेशनीच्या मागं कुणी नव्हतं. पुढं कुणी नव्हतं. तनुजा स्वतःशीच म्हणाली, तिला नको. देवा, तिलाही नको. कुणालाच नको.

एक मिनिट.

हलगी थांबली, की तिलाच ऐकू येईनाशी झाली, कळलं नाही.

तिच्या पाठीवर हात पडला.

दोन्ही खांद्यांच्या मधोमध. लहान, तापलेला, मातीनं खरबरीत झालेला हात.

"खो."

तनुजा उठली.

डोकं मागून आलं, तोवर ती चार पावलं पुढं होती, रेषेच्या आत. डावा हात रिकामा होता. शिट्टी वाजली नाही. पंचांनी तिच्याकडं बघितलं नाही. नांदेडची एक पोर सरळ तिच्या अंगावर धावत आली आणि वाट न बदलता पलीकडं गेली.

सुकेशनी आपल्या जागी सुखरूप बसली होती.

तनुजाला मागं फिरायचं होतं. पाय फिरेनात. उठल्यावर एकदा दिशा घेतली की मागं फिरता येत नाही. हा नियम तिनं कितीतरी पोरींना ओरडून ओरडून शिकवला होता. खांबापर्यंत जावंच लागतं. पाय खांबाकडं चालले होते. तिनं फक्त मान वळवली.

श्रेया खुर्चीवर होती.

शेजारची खुर्ची रिकामी नव्हती.

तिथं तनुजाच्याच निळ्या ट्रॅकसूटमध्ये कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. तिच्या हातात श्रेयाचं मनगट होतं. श्रेयाला तिचा चेहरा दिसत होता, आणि श्रेया काही दचकली नाही.

"श्रेया!" तनुजा ओरडली. "ए श्रेया, उठ तिथनं!"

श्रेयानं मैदानाकडं बघितलं. नजर तनुजावरून गेली, सुकेशनीवर गेली, घड्याळावर गेली. मग तिनं पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं आणि शेजारी पुढं केली.

"राग गेलेला नाहीय हां माझा," ती म्हणाली. "पण पी. किती घामेजलीस. दमलीस का आई?"

त्या बाईनं दोन्ही हातांनी बाटली धरली आणि एका दमात रिकामी केली. हातानं तोंड पुसलं. मग पाठ खुर्चीला टेकवली, सावकाश, पूर्ण.

"नाय बाई," ती बानाबाईच्याच हेलात म्हणाली. "आता बसले ना."