पावणेसहाला थांबणारं मशीन

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी लेखक नाही. परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि आयुष्यभर मी स्क्रूच फिरवत आलोय.

दुकानात माझा एक नियम आहे. मशीन हँग झालं की लगेच रीसेट दाबायचं नाही. दोन मिनिटं हात मागे घेऊन उभं राहायचं. स्क्रीनकडे बघत.

गिऱ्हाइकं वैतागतात. एकजण तर म्हणाला, "पंडितराव, श्रद्धांजली वाहताय का?"

मी हसून वेळ मारून नेतो.

पण त्या दिवशी मी दोन मिनिटं थांबलो असतो तर...

नोव्हेंबर १९९३. विद्यापीठाचं नामांतर झालं तो हिवाळा. गाव पिंगळी, परभणीच्या शेजारचं स्टेशन. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते आणि अंगणात अजून उजेड होता.

पिंगळीचे व्यंकटराव सर आदल्या दिवशी माझ्या दुकानात आले ते धोतराच्या सोग्याने घाम पुसत. रिटायर्ड हेडमास्तर. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"पंडितराव, मशीन गप होतंय. सेव्ह करताना होतंय, प्रिंट काढताना होतंय. अन् पावणेसहाला तर हटकून, घरची सांगते."

"रोज पावणेसहाला?" मी हसलो. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि सगळं मलाच कळतं असा माझा रुबाब होता. "सर, मशीनला घड्याळ कळतं, पण इतकं नाही."

सर हसले नाहीत.

मशीन त्यांच्या मुलीचं होतं. सुनेत्राचं. ती परभणीत एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. क्लासने नवी मशीनं घेतली, तेव्हा जुनं तिला दिलं. रोज संध्याकाळी ती पॅसेंजरने घरी यायची, चहा प्यायची आणि मशीन सुरू करायची. आई, कमलबाई, शेजारी पाटावर बसून जात्यावरच्या ओव्या सांगायची. लेक त्या मराठी अक्षरांत टाईप करायची. कमलबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. आपलं बोलणं काचेवर उमटतं याचंच त्यांना लय कौतुक.

एकशे एकोणचाळीस ओव्या पूर्ण झाल्या.

एकशेचाळिसाव्या ओवीची एकच ओळ झाली होती. कमलबाई म्हणाल्या, "दुसरी उद्या सांगते, दूध उतू जायलंय."

दुसऱ्या दिवशी सुनेत्राचे डोळे पिवळे दिसले. कावीळ. परभणी झालं, नांदेड झालं. नवव्या दिवशी ती गेली.

"वर्षश्राद्धाला तिचं पुस्तक वाटायचंय," सर म्हणाले. "माझ्या हातून एवढं तरी होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी त्यांच्या घरी पोचलो.

कॉम्प्युटर असलेल्या खोलीत चपला चालायच्या नाहीत. तेव्हा सगळीकडेच तशी पद्धत होती. मी चपला दाराशी काढल्या. मशीनवर सुनेत्रानंच शिवलेलं फुलाफुलांचं कापड होतं. कॅबिनेटवर खंडेनवमीचं हळदकुंकू अजून तसंच. घरात दुःख असताना सुद्धा त्यांनी मशीनची पूजा चुकवली नव्हती, हे बघून मला कसंतरीच झालं.

दोष सापडायला दहा मिनिटं सुद्धा लागली नाहीत.

मशीन सुरू होताना दोन अँटीव्हायरस मेमरीत जाऊन बसत होते. एक सुनेत्राने टाकलेला, जुना. दुसरा नवा. दोघंही डिस्कवर पहारा देणारे. एका दाराला एकमेकांना न ओळखणारे दोन राखणदार ठेवले की काय होणार? हा त्याला चोर समजतो, तो ह्याला. दोघं एकमेकांच्या गळ्याला धरतात आणि मशीन जागच्या जागी थिजतं.

"सर, हा दुसरा कुणी टाकला?"

"मीच." सर खाली बघत म्हणाले. "ती गेल्यावर. एकाच्या भरवशावर ठेवायची हिंमत न्हाई झाली."

 

आजार डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात घालायचा नाही, ही तेव्हाही माझी पद्धत. म्हटलं, पावणेसहापर्यंत थांबतो. साडेपाच वाजले तसे सर उठले, टोपी घातली आणि चालू लागले.

"कुठं निघाले?" मी कमलबाईंना विचारलं.

"ठेसनावर." त्या सहज म्हणाल्या. "लेकीला आणायला जायचे ना रोज. अजून जातेत. गाडी गेली की येतेत माघारी."

त्या येऊन पाटावर बसल्या. मशीनच्या शेजारी, आपल्या नेहमीच्या जागेवर. मांडीवर हात ठेवून.

मी सुनेत्राची ओव्यांची फाईल उघडली. शेवटची ओळ स्क्रीनवर होती...

*गाडी आली गाडी आली, शिटी वाजती दुरून*

त्याखाली मोकळी जागा. तिथे कर्सर लुकलुकत होता.

पावणेसहा.

लांबून शिट्टी ऐकू आली.

मशीन थांबलं. एखादं बटण दाबून बघितलं. काही नाही. कॅप्स लॉकचा दिवा लागेना. पक्कं हँग. मी मनात म्हटलं, बघ, म्हणत होतो ना...

आणि मग लक्षात आलं की पंख्याचा आवाज येत नाहीये.

कॅबिनेटचा पंखा फिरत होता. मला दिसत होता. पण आवाज नव्हता. अंगणातल्या चिमण्या गप. चुलीवरचं आधण उकळत होतं, त्याचाही आवाज नाही.

मग फाटकाची कडी वाजली.

मी दाराकडे बघितलं. फाटक बंदच होतं.

उंबऱ्याशी कुणीतरी चपला काढल्या... आधी एक, मग दुसरी.

दारात माझ्या एकट्याच्या चपला होत्या.

कमलबाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. त्यांची नजर स्क्रीनवर होती. ओठ हलत होते.

मी पुन्हा स्क्रीनकडे वळलो.

मोकळ्या जागेत एक अक्षर उमटलं.

आ...

कीबोर्डवर माझा हात नव्हता. मशीन मेलेलं होतं. मेलेल्या मशीनवर अक्षर उमटत नाही.

ई...

कर्सर एक घर पुढे सरकला. अजून काही यायचं होतं. मला ते स्पष्ट कळलं. लिहिणारा माणूस शब्द शोधताना थांबतो ना, तसा तो थांबला होता.

आणि माझा हात गेला.

मी ठरवलं नव्हतं, देवाशपथ. घाबरलो होतो, आणि हँग झालं की रीसेट, ही हाताची सवय. बोटाने बटण दाबलं.

स्क्रीन काळी झाली. पंख्याचा आवाज परत आला. चिमण्या, आधण, सगळं.

कमलबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मशीन पुन्हा सुरू झालं. मी झरझर काम उरकलं. दोनपैकी एक अँटीव्हायरस काढायचा होता. जुना काढावा, हा निर्णय कुणीही घेतला असता. जुना सुनेत्राचा होता. मी तो फ्लॉपीवर घेतला आणि मशीनमधून पुसून टाकला.

सर स्टेशनवरून परत आले. मी सेव्ह करून दाखवलं. प्रिंट काढून दाखवली. कागद खरखरत बाहेर आला तसे सर भिंतीला टेकले आणि लहान पोरासारखे रडले. मला वाटलं, चला, झालं आपलं काम.

मी चपला घालत होतो, तेव्हा कमलबाई उंबऱ्यापाशी आल्या. हळूच म्हणाल्या,

"लेकरा, काय लिव्हलं होतं तिनं?"

मी एक चप्पल घातलेला तसाच उभा राहिलो.

"मला वाचता येत न्हाई बाबा. रोज लिव्हती. गाडी ठेसनात उभी हाय तवर ऱ्हातंय, गाडी हालली की पुसून जातंय. हे मशीन चालूच ठिवून ठेसनावर गेलेले असतेत. शेजारच्या तानुबाईला बोलावलं एकदा, तर तिलाबी वाचता येत न्हाई. दुसऱ्याला कसं सांगू? लोक म्हनतील, मास्तरच्या घरात भूत हाय. तुमी वाचनारे मानूस घरात थांबले, मला लय बरं वाटलं होतं."

मी म्हणालो, "काही नव्हतं काकू. मशीन हँग झालं की अशी कचरा अक्षरं येतात."

खोटं बोललो. भीती वाटत होती म्हणून खोटं बोललो. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःचीच चीड येते.

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मी फ्लॉपी घेऊन पुन्हा पिंगळी गाठली. सरांना सांगितलं, एक तपासणी राहिली. सुनेत्राचा अँटीव्हायरस परत टाकला. तोच, त्याच जागी, त्याच क्रमाने. आता दोघं पुन्हा एकमेकांच्या गळ्याला धरणार. धरायलाच पाहिजेत.

पावणेसहा. शिट्टी. गाडी थांबली.

मशीन चालूच राहिलं.

पंख्याचा आवाज येत होता. चिमण्या ओरडत होत्या. फाटक वाजलं नाही.

मी आठ दिवस गेलो. मुद्दाम सेव्ह केलं, मुद्दाम प्रिंट काढली. जी भांडणं सोडवायला लोक मला बोलवायचे, ती लावायला मी रोज जात होतो. दोन्ही प्रोग्रॅम गुण्यागोविंदाने नांदत होते. असं होत नाही. कुणाही जाणकाराला विचारा, असं होऊ शकत नाही.

वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले. छापखान्याला मजकूर द्यायचा होता आणि शेवटची ओवी अर्धीच होती. दुसरी ओळ कमलबाईंनी वर्षभर कुणालाच सांगितली नव्हती. सरांनाही नाही. "ती इचारील तवा सांगन," एवढंच म्हणायच्या.

त्या संध्याकाळी सर स्टेशनवर गेले. कमलबाई पाटावर बसल्या. शिट्टी झाली तशी त्यांनी पदर सावरला आणि मशीनला ओवी म्हणून दाखवली. आवाज कापरा होता, पण चाल चुकली नाही.

"गाडी आली गाडी आली, शिटी वाजती दुरून... लेक माझी उतरती, डोळे येतात भरून."

आम्ही दोघं बघत बसलो.

कर्सर लुकलुकत होता. जागचा हलला नाही.

गाडी गेली.

कमलबाई पाटावरून उठल्या. मग म्हणाल्या, "लिवा तुमीच आता."

मी टाईप केलं. सेव्ह दाबलं. एका क्षणात सेव्ह झालं. मशीन हँग व्हावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाचा धावा करत होतो.

आता खोटं पचेना. मी मान खाली घालूनच म्हणालो, "काकू, त्या दिवशी तिनं लिहिलं होतं. 'आई' एवढंच वाचलं मी. पुढचं यायच्या आत मी बटण दाबलं."

मला वाटलं, आता शिव्या देतील.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"आई म्हनून थांबायची न्हाई रे ती," त्या म्हणाल्या. "दारातूनच आई म्हनायची, अन् मग दिसभराचं सांगत बसायची."

पुस्तक निघालं. एकशेचाळीस ओव्या, सगळ्या पूर्ण. आज सरही नाहीत, काकूही नाहीत. जाताना सरांनी ते मशीन माझ्या हवाली केलं. दुकानाच्या मागच्या खोलीत आहे, त्याच फुलाफुलांच्या कापडाखाली. दोन्ही अँटीव्हायरस अजून त्यात आहेत.

कधी कधी पावणेसहाच्या आधी मी चपला काढून आत जातो. मशीन सुरू करतो, तिची फाईल उघडतो. स्टेशनकडून शिट्टी आली की हात मागे बांधून उभा राहतो.

अजून एकदाही हँग झालेलं नाही.