मॅडम, येऊ का बाहेर?

लाकडी भिंतीतलं एक दार, भिंतीसारखंच दिसणारं.

कपाटात एका बाजूला सारलेले कपडे.

एक छोटासा हिरवा दिवा.

खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे. पण हे माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलंय. तिच्याच घरात, रविवारी, भरदुपारी, लख्ख ऊन पडलेलं असताना.

वहिनी इमारतींच्या आतली रचना करते. एका बड्या ऑफिसच्या इमारतीत तिला सफाई-दुरुस्तीच्या माणसांसाठी विश्रांतीची खोली करायची होती. मालकांची अट एकच. ती माणसं पाहुण्यांच्या नजरेला पडता कामा नयेत.

वहिनीने खोली थेट दर्शनी हॉलच्या भिंतीआड लपवली. आत बाकं, पंखा, प्यायचं पाणी. आणि तो हिरवा दिवा. हॉलमध्ये कोणी नसलं की काउंटरवरची मुलगी बटण दाबणार, आत दिवा लागणार, मगच आतल्यांनी बाहेर यायचं.

"सिग्नलच की हो, मॅडम!" सफाईवाल्या मावशी हसल्या होत्या. "म्हणजे आम्ही गाड्या झालो!"

वहिनीही हसली होती.

घरी दादा चिडवायचा, "आपल्याकडेही बसव एक. तुझ्या मैत्रिणी गेल्या की मी बाहेर येत जाईन."

मग एके दिवशी मावशी त्या खोलीत बसल्याबसल्याच गेल्या. छातीत दुखत होतं म्हणे. बाहेर पाहुण्यांची रीघ लागली होती. दिवा काही लागला नाही.

सापडल्या तेव्हा डोळे उघडे होते... दिव्याकडे लागलेले.

वहिनीला कोणी बोल लावला नाही. तिनेही विषय काढला नाही.

आणि तो रविवार आला.

नव्या इमारतीचं काम द्यायला मंडळी घरी आली होती. दादा बाहेरगावी. वहिनी जुन्या कामाचे फोटो दाखवत होती.

"इथे खोली आहे? सांगूनही खरं वाटत नाही," एकजण म्हणाला. "आम्हाला अगदी अशीच हवी."

वहिनी हसली.

तेवढ्यात आतून... टक... टक...

अगदी हळू. कोणाला त्रास नको, अशा बेताने.

ती उठून झोपायच्या खोलीत गेली. खोली रिकामी. आवाज कपाटातून येत होता.

"मॅडम... येऊ का बाहेर?"

वहिनीने ओरडायला हवं होतं. निदान दार उघडायला हवं होतं.

बाहेर मंडळी हसत होती.

तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं,

"थांबा जरा. पाहुणे आहेत."

आतून हलकेच...

"बरं."

मग काहीच नाही.

मंडळी गेल्यावर तिने कपाट उघडलं. कपडे एका बाजूला सारलेले. एक माणूस अंग चोरून बसेल एवढीच जागा मोकळी. तिने हात लावला...

फळी कोमट होती.

हे सांगताना तिने मान वर केली नाही. "भीती नाही वाटत, भावजी," ती म्हणाली. "मेल्याहून मेल्यासारखं होतं."

ते काम त्यांनी तिलाच देऊ केलंय. तिने अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

रोज दुपारी ती कपाटापाशी जाते. "या ना, मावशी, बाहेर."

कोणी येत नाही.

परवा मी तिथे होतो. कपाट गप्प होतं. कोणीतरी श्वास रोखून धरावा, तसं गप्प...

मी पाहुणा ना.

इमारतीतल्या त्या दाराला कुलूप कधीच नव्हतं. आतून नुसतं ढकललं की उघडायचं.